पहिल्या दिवसाची रांग : ऑनलाइन अद्भुत खेळाची खरेदी

लखनौ शहराचा अद्भुत कथांशी असलेला संबंध जुना आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये तेथे छापखाना काढला आणि १८८३ मध्ये त्या छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू कथाग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी मंत्रबळाने उभारलेली मायानगरी. तिच्यात डोंगर, नद्या, राजवाडे आणि सैन्ये असतात. तिचे नियम बाहेरच्या जगाहून निराळे असतात. आणि तिचे रहस्य जाणणारा पुरुष आला म्हणजे तिचा शेवटही ठरलेला असतो. मुहम्मद हुसेन जाह यांनी या ग्रंथाचे पहिले चार खंड लिहिले व पुढील खंड अहमद हुसेन कमर यांनी लिहिले.

त्याच लखनौमधील तरुण आज दुसऱ्या प्रकारच्या मायानगरीत जाऊ इच्छितात. संगणकावर किंवा मोबाईलवर खेळावयाच्या ऑनलाइन अद्भुत खेळात हजारो माणसे एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरतात, टोळ्या करतात, राक्षसांशी झुंजतात आणि बाजारात देवघेव करतात. असा नवा खेळ ज्या दिवशी विक्रीस खुला होतो त्या दिवसाची वाट अनेकजण महिनेच्या महिने पाहत असतात. परंतु पुष्कळदा असा अनुभव येतो की, पैसे भरले जातात, खेळ संगणकावर उतरतो, आणि दार मात्र उघडत नाही. पडद्यावर केवळ एक आकडा दिसतो. आपल्या पुढे रांगेत किती हजार माणसे आहेत, हे तो आकडा सांगतो.

पैसे मोजून घेतलेले पुस्तक वाचण्यासाठी कोणास रांगेत उभे राहावे लागत नाही. मग पैसे मोजून घेतलेल्या खेळासाठी रांग का लागावी? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता असे दिसून येते की, त्यात यंत्रशास्त्राचा, गणिताचा आणि कायद्याचाही भाग आहे.

पोथी आणि कीर्तन

महाराष्ट्रातील वाचकाने येथे पोथी आणि कीर्तन यांतील भेद लक्षात घ्यावा. पोथी विकत घेणाऱ्याच्या घरी राहते. त्याने ती केव्हाही उघडावी. शेजाऱ्याने त्याच वेळी आपली प्रत उघडली तरी कोणाची अडचण होत नाही. कीर्तनाचे तसे नाही. तेथे बुवा एक, देऊळ एक आणि वेळ एक. सभामंडप भरला म्हणजे उरलेल्यांना बाहेर उभे राहावे लागते. लखनौमध्ये दास्तान सांगणाऱ्यांच्या बैठकींचीही हीच मर्यादा होती. नवलकिशोर छापखान्याने दास्तान कागदावर उतरविली तेव्हा ही मर्यादा नाहीशी झाली.

संगणकावरील जुने खेळ पोथीसारखे होते. खेळाची तबकडी दुकानातून आणावी, संगणकात घालावी, आणि एकट्याने खेळत बसावे. ऑनलाइन खेळ हा मात्र कीर्तनासारखा आहे. फरक इतकाच की, येथे श्रोतेही कथेतील पात्रे असतात आणि एकाने केलेल्या कृतीने इतरांची कथा बदलते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अशा प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ तयार केला. त्यात चित्रे नव्हती. सर्व वर्णन अक्षरांत होते. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आणि २३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ निघाले, आणि एका जगात हजारो खेळाडू ही गोष्ट सर्वपरिचित झाली.

खेळ राहतो कोठे?

अशा खेळाचे दोन भाग असतात. पहिला भाग घरच्या संगणकावर असतो. चित्रे, ध्वनी, वने, किल्ले, शस्त्रांचे आकार ही सामग्री त्यात येते. दुसरा भाग दूरच्या एका केंद्रातील संगणकांवर असतो. त्यांना सर्व्हर म्हणतात. कोणता खेळाडू या क्षणी कोठे उभा आहे, कोणाच्या थैलीत किती सोने आहे, कोणता राक्षस मेला आणि कोणता जिवंत आहे, याची नोंद सर्व्हर ठेवतो. ही नोंद खेळाडूंच्या घरी ठेवली तर प्रत्येकजण आपल्या थैलीतील सोने हवे तेवढे लिहून घेईल. म्हणून सर्वांचा हिशेब एकाच कारकुनाकडे असावा लागतो.

विक्रीच्या दिवशी खेळाडू प्रथम पहिला भाग उतरवून घेतो. याचे गणित सोपे आहे. खेळाचा आकार ५० गिगाबाईट आणि घरच्या जोडणीचा वेग सेकंदास ५० मेगाबिट असेल, तर ८ बिटांचा १ बाईट या हिशेबाने ८,००० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वादोन तास लागतात. बिट आणि बाईट यांची गल्लत करणाऱ्यास हे काम १७ मिनिटांत होईल असे वाटते आणि त्याची निराशा होते. ही सामग्री सर्वांना सारखीच द्यावयाची असल्याने तिच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील साठवण-केंद्रांत आधीच ठेवलेल्या असतात. काही कंपन्या ती कुलूपबंद स्वरूपात काही दिवस अगोदर उतरवू देतात व ठरलेल्या क्षणी केवळ किल्ली पाठवितात.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. खेळ विनाविघ्न उतरला म्हणजे आत प्रवेश मिळेलच असे नाही. उतरविण्याचे काम जवळच्या साठवण-केंद्राने केलेले असते. प्रवेश देण्याचे काम दूरच्या सर्व्हरचे असते. प्रसाद घरपोच आला तरी सभामंडपातील जागा निराळीच मिळवावी लागते.

लखनौपासूनचे अंतर

सर्व्हर कोणत्या शहरात आहे यावरही खेळाचे सुख अवलंबून असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. लखनौहून मुंबई लोहमार्गाने सुमारे १,४०० किलोमीटर आहे. तंतू त्या मार्गाने गेला आहे असे मानल्यास संदेश जाऊन उत्तर परत येण्यास निदान १४ मिलिसेकंद लागतील. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सिंगापूरचा सर्व्हर असेल तर लखनौ ते चेन्नई सुमारे १,५५० किलोमीटर आणि तेथून समुद्रतळाच्या तारेने सुमारे ३,२०० किलोमीटर जावे लागते. जाण्यायेण्यास निदान ४८ मिलिसेकंद होतात. जर्मनीतील फ्रँकफुर्ट सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर असल्याने तेथील हिशेब ६५ मिलिसेकंदांचा. परंतु तारा अरबी समुद्र, तांबडा समुद्र व भूमध्य समुद्र यांतून वळसा घेऊन जात असल्यामुळे प्रत्यक्षात लागणारा वेळ त्याच्या दुपटीच्या घरात जातो.

खेळाडू या वेळेस पिंग म्हणतात. तलवार उगारण्याची आज्ञा दिली आणि ती सर्व्हरला १३० मिलिसेकंदांच्या फेऱ्याने कळली, तर तेवढ्यात प्रतिस्पर्धी बाजूला सरकलेला असतो. महागडा संगणक घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण ती यंत्राची नसून अंतराची आहे. हजरतगंजात राहणाऱ्याने कितीही चांगली जोडणी घेतली तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

अंतराप्रमाणे घड्याळाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मध्यरात्री विक्री सुरू झाली तर लखनौमध्ये त्या वेळी उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा व हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सर्व जगास एकाच क्षणी दार उघडले तर सर्व जगाची गर्दी एकाच क्षणी दाराशी येते.

रांगेचे गणित

रांगेचा शास्त्रीय अभ्यास डेन्मार्कमध्ये सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ॲग्नर एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनीवरील मागण्यांविषयी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती तारा ठेवल्या असता किती लोकांना थांबावे लागेल, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. तोच प्रश्न आज खेळाच्या सर्व्हरपुढे आहे.

लखनौच्या चारबाग स्थानकावरील एक तिकीट-खिडकी डोळ्यांपुढे आणावी. तेथील कारकून तासाला सरासरी ६० प्रवाशांना तिकिटे देऊ शकतो असे धरावे. प्रवासी कसेही, केव्हाही येतात. कोणाचे काम लवकर होते, कोणास वेळ लागतो. तासाला ५० प्रवासी आले तर खिडकीशी सरासरी ५ माणसे असतील आणि प्रत्येकास ६ मिनिटे लागतील. ५७ आले तर १९ माणसे असतील आणि वेळ २० मिनिटे होईल. ५९ आले तर ५९ माणसे उभी दिसतील आणि प्रत्येकाचा पूर्ण तास जाईल. प्रवासी ५७ वरून ५९ झाले, म्हणजे केवळ दोनच वाढले, परंतु थांबण्याचा वेळ तिप्पट झाला. आणि तासाला ७० प्रवासी येऊ लागले तर सरासरी काढण्यात अर्थच उरत नाही; दर तासाला रांग १० माणसांनी वाढत जाते आणि गर्दी ओसरेपर्यंत ती थांबत नाही.

खेळाच्या पहिल्या दिवशी हीच शेवटची स्थिती असते. १५ मे २०१२ रोजी 'डायाब्लो ३' हा खेळ निघाला. पहिल्या २४ तासांत त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. हा खेळ एकट्याने खेळावयाचा असला तरी सर्व्हरशी जोडलेले राहणे सक्तीचे होते. परिणामी असंख्य खरेदीदारांना पडद्यावर 'त्रुटी ३७' एवढेच वाचावयास मिळाले. सर्व्हर गजबजलेले आहेत, असा त्याचा अर्थ होता.

रांग किती वेळ चालेल याचे उत्तर अमेरिकन गणितज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमावरून काढता येते. समजा, एका जगात २,००० खेळाडू मावतात आणि प्रत्येकजण सरासरी ४ तास खेळतो. तर तासाला ५०० जण बाहेर पडतील व तितकेच आत जातील. रांगेत ५,००० माणसे असतील तर शेवटच्यास १० तास थांबावे लागेल. आता, एकदा बाहेर पडलो तर पुन्हा जागा मिळणार नाही, या भीतीने आतील लोक ८ तास बसून राहिले, तर तासाला केवळ २५० जण बाहेर पडतील आणि तीच प्रतीक्षा २० तासांची होईल. रांगेच्या भीतीने रांग वाढते ती अशी. याच कारणास्तव स्वस्थ बसलेल्या खेळाडूस काही मिनिटांनी आपोआप बाहेर काढण्याची व्यवस्था अनेक खेळांत केलेली असते.

यंत्रे का वाढवीत नाहीत?

लाखो प्रती विकणाऱ्या कंपनीने यंत्रेही वाढवावीत, असे कोणासही वाटेल. त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण गणिताची. एका चौकात १० खेळाडू उभे असतील तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. १०० असतील तर ४,९५० आणि २०० असतील तर १९,९०० जोड्या होतात. प्रत्येकाची हालचाल इतर सर्वांना कळवावयाची असल्याने माणसे दुप्पट झाली की काम सुमारे चौपट होते. म्हणून एकाच जगात हवी तेवढी माणसे घालता येत नाहीत. जगाच्या प्रती कराव्या लागतात आणि प्रत्येक प्रतीस मर्यादा घालावी लागते.

दुसरी अडचण ओसरत्या गर्दीची. २८ सप्टेंबर २०२१ रोजी 'न्यू वर्ल्ड' हा खेळ निघाला तेव्हा त्याच्या एका जगात सुमारे २,००० खेळाडू मावत होते. पहिल्याच दिवशी एका क्षणी ७ लाखांहून अधिक माणसे तो खेळण्यास जमली. इतक्यांना सामावून घेण्यास ३५० जगे हवीत. कंपनीने जगे वाढविली. परंतु पुढे गर्दी झपाट्याने कमी झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ओसाड पडू लागलेली जगे एकमेकांत मिसळण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या जगात बाजार भरण्याइतकी माणसे नाहीत ते जग खेळाडूस नकोसे होते. जत्रेच्या दिवसाच्या गर्दीला पुरेल एवढे देऊळ बांधले तर ते उरलेले वर्षभर रिकामे दिसते.

तिसरी अडचण यंत्रांच्या उपलब्धतेची. 'फायनल फँटसी १४' या खेळाचा नवा भाग ३ डिसेंबर २०२१ रोजी आगाऊ खरेदीदारांसाठी खुला झाला. त्या काळात जगभर अर्धसंवाहक चकत्यांचा तुटवडा असल्याने नवे सर्व्हर वेळेवर मिळाले नाहीत. रांगा हजारोंच्या झाल्या. निर्माते नाओकी योशिदा यांनी जाहीर क्षमा मागितली, सदस्यांना एकूण २१ दिवस विनामूल्य दिले, आणि १६ डिसेंबरपासून खेळाची विक्रीच थांबविली. ती २५ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मागणी भरपूर असताना विक्रेत्याने आपणहून दुकान बंद करावे, हा प्रकार व्यापारात विरळा आहे. या दोन्ही खेळांचे सर्व्हर त्या वेळी भारतात नव्हते. लखनौच्या खेळाडूस रांग तर होतीच, शिवाय समुद्रापलीकडचे अंतरही होते.

विकत काय घेतले?

एवढे समजल्यावर मूळ प्रश्नाकडे वळता येते. खरेदीदाराच्या हाती जे येते ती वस्तू नसून परवाना असतो. दूरच्या जगात प्रवेश करण्याची ती परवानगी होय. आणि ते जग चालू आहे तोवरच तिला अर्थ असतो. 'ॲशरन्स कॉल' हा अद्भुत खेळ १९९९ मध्ये सुरू झाला आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. ज्यांनी त्याची तबकडी विकत घेतली होती त्यांच्याकडे तबकडी राहिली, पण त्या जगाचे दार कायमचे मिटले. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला, तेव्हा या प्रश्नावर मोठा वाद झाला. एक युरोपीय नागरिक-अर्ज निघाला आणि जुलै २०२५ पर्यंत त्यावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला की, विक्रेता केवळ परवाना देत असेल तर त्याने 'खरेदी' हा शब्द वापरताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ही बाब ग्रंथालयांनाही लागू आहे. नवलकिशोर छापखान्याचे खंड शतकाहून अधिक काळ ग्रंथालयांत टिकले. छापखान्याची यंत्रे थांबली म्हणून ते मिटले नाहीत. ऑनलाइन खेळाची प्रत ग्रंथालयाने जपून ठेवली तरी सर्व्हरवाचून ती मुकी राहते. एका पिढीने जेथे मैत्री जोडली व आपल्या आयुष्यातील शेकडो तास घालविले, ते जग पुढच्या पिढीच्या अभ्यासकास दाखवावयाचे कसे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

खरेदीदाराने पाहावयाच्या गोष्टी

पहिल्या दिवशी खेळ घेणे हा मूर्खपणा नव्हे. त्या दिवशी सर्वजण सारखेच अजाण असतात. कोणती वाट कोठे जाते हे कोणासही ठाऊक नसते. ओळखी जुळतात व टोळ्या बनतात. हा आनंद नंतर येणाऱ्यास मिळत नाही. परंतु त्याची किंमत जाणून ती द्यावी, हे बरे.

पैसे भरण्यापूर्वी सर्व्हर कोणत्या शहरात आहे ते पाहावे. घरच्या जोडणीचा वेग व महिन्याची मर्यादा यांच्याशी खेळाचा आकार ताडून पाहावा. एकदाच पैसे भरावयाचे की दरमहा, हे वाचावे. पैसे परत मिळण्याचे नियम आधी पाहावेत. 'स्टीम' या प्रसिद्ध ऑनलाइन दुकानाचा सर्वसाधारण नियम असा आहे की, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांहून कमी असताना मागणी करावी. हा वेळ कार्यक्रम उघडल्यापासून मोजला जातो; म्हणून रांगेत ताटकळण्यात गेलेला वेळही त्यात धरला जाऊ शकतो, हे विसरू नये. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत डिजिटल वस्तूंचाही समावेश आहे आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे तक्रार नोंदविता येते. लहान मुलांच्या बाबतीत पैसे भरण्याची सोय पालकांच्या हाती असावी.

ज्यास त्या दिवसाची विशेष ओढ नाही, त्याने पंधरवडाभर थांबावे. खिडकीशी तासाला ७० ऐवजी ५० माणसे येऊ लागली म्हणजे तासांची प्रतीक्षा मिनिटांवर येते, हे वर दिलेल्या हिशेबावरून उघड आहे. तोपर्यंत खेळातील दोषही बरेचसे दुरुस्त झालेले असतात. पडद्यावरचा तो आकडा मग भाग्याचा खेळ किंवा कोणाची लबाडी वाटत नाही. किती माणसे आली, किती मावतात आणि किती वेळ थांबतात, या तीन संख्यांवरून तो निघतो, आणि शाळेतील मुलासही तो कागदावर मांडून पाहता येतो.